यंत्राचं सोंग

गणेशोत्सवात देखावे बघायला निघालेली गर्दी काही मंडपांपुढे जास्त वेळ रेंगाळते. तिथला देखावा हलता असतो. पडदा सरकतो, दिवे मंद होतात, ध्वनिमुद्रित निवेदन सुरू होतं आणि माणसाएवढ्या मूर्ती कामाला लागतात. अफझलखानाचा हात उगारला जातो, शिवाजी महाराजांची मान वळते, मागचा मावळा तलवार उंचावतो. काही मिनिटांत प्रसंग संपतो, नवी गर्दी पुढे सरकते आणि तोच खान त्याच शब्दावर तोच हात पुन्हा उगारतो. जालना असो, पुणे असो की सांगली, मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जपान, जर्मनी, चीन, फ्रान्स अशा देशांत अलीकडे माणसासारखे दिसणारे रोबो नाटकांत कामं करतात, नर्तकांच्या जोडीने नाचतात. त्यांच्याविषयी लिहिताना सुरुवात मी हलत्या देखाव्यापासून करतो आहे. माणसाचं सोंग घेतलेलं, विजेवर चालणारं पात्र मंचावर उभं करून गोष्ट सांगायची, हे काम आपल्याकडे गल्लोगल्ली चालत आलं आहे. त्याला रंगभूमीचा प्रकार म्हणून कोणी मानाने नोंदलं नाही, एवढंच.

या मूर्तीच्या आत लोखंडी सांगाडा असतो. खांद्याशी, मानेशी बेअरिंग बसवतात. गिअरबॉक्स लावलेली, सावकाश फिरणारी मोटर एक चकती फिरवते. कधी कधी ती गाडीच्या काचेवरचं पाणी पुसणारी वायपर मोटरही असते. चकतीच्या कडेला जोडलेली पट्टी पुढे-मागे होते आणि तिच्या ओढीने हात वर-खाली जातो. ही झाली क्रँक. चकती पूर्ण गोल न ठेवता तिच्या कडेला चढ-उतार दिले की तिला कॅम म्हणतात. चढ आला की हात उचलला जातो, उतार आला की खाली येतो. हाताने केव्हा काय करायचं, ते त्या कडेच्या आकारातच कोरून ठेवलेलं असतं. ही युक्ती जुनी आहे. अल् जझरी या अभियंत्याने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात नावेत बसून वाद्यं वाजवणाऱ्या यांत्रिक वादकांचं वर्णन आहे. त्यांची हालचाल फिरत्या दंडगोलावरच्या खुंट्यांनी ठरत असे. १७७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या झाके-द्रो घराण्याने घडवलेला लिहिणारा मुलगा अशाच कॅमच्या चळतीवर आजही ४० अक्षरांपर्यंतचा मजकूर लिहितो. सुमारे ६,००० भाग त्याच्या पोटात आहेत.

कॅमला सगळं जमतं, पण वाट बघणं जमत नाही. समोर मूल रडू लागलं, गर्दी हसली, कोणी टाळी वाजवली, तरी खानाचा हात ठरल्या क्षणी उठतो आणि ठरल्या क्षणी खाली येतो. रोबोच्या अभिनयाचा खरा प्रश्न मला इथे दिसतो. तो नीट कळण्यासाठी आधी दोरीच्या बाहुलीकडे वळावं लागेल.

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण ५ नोव्हेंबर १८४३ पासून मानतो. त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केलं. हे भावे लाकडी बाहुल्याही घडवत असत, ही गोष्ट मात्र नाट्यदिनाच्या भाषणांत फारशी येत नाही. त्यांच्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांच्याकडे आल्या. त्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा प्रेक्षकांसमोर आणल्या. हेच पाध्ये अर्धवटरावांना बोलतं करणारे शब्दभ्रमकार. १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला तात्या विंचूचा बाहुलाही त्यांनीच घडवला. म्हणजे आपल्या रंगभूमीच्या जनकाला माणसातला नट आणि लाकडातला नट हे दोन्ही हवे होते, आणि त्या लाकडी नटांचा वारसा चालवणाऱ्या हातांनी मराठी पडद्यावरचा सगळ्यांत गाजलेला बाहुला दिला. तिकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा टिकवून ठेवली आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

दोरीचं शास्त्र बघायला सोपं वाटतं, पण आहे फार अवघड. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. हात उचलायचं काम दोरी करते, खाली आणायचं काम गुरुत्वाकर्षण करतं, आणि मधला झोका कोणाच्याच पूर्ण ताब्यात नसतो. अमेरिकेत मॅग्नस एगरश्टेट आणि टॉड मर्फी या रोबोशास्त्रज्ञांनी अटलांटा इथल्या बाहुलीनाट्य केंद्रातल्या कलावंतांसोबत याच विषयावर काम केलं. बाहुली माणसाची हुबेहूब नक्कल करूच शकत नाही, म्हणून कलावंत आधी हालचालीची नक्कल करतो, मग ती सोपी करतो आणि शेवटी मुद्दाम वाढवतो, हे त्यांना तिथे शिकायला मिळालं. ही तिसरी पायरी रोबो घडवणाऱ्यांना सहसा सुचत नाही. त्यांना अचूकपणा हवा असतो, तर रंगमंचाला थोडी अतिशयोक्ती लागते, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसलं पाहिजे.

यांत्रिक माणसांची कल्पना मराठवाड्याच्या मातीला अगदी जवळची आहे. जालना जिल्ह्याच्या दक्षिण कडेने गोदावरी वाहते. अंबड तालुक्यातून नदीच्या वरच्या अंगाला गेलं की पैठण लागतं, सातवाहनांचं प्रतिष्ठान. सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली, अशी परंपरा सांगते. मूळ ग्रंथ हरवला. त्यातल्या कथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने संस्कृतात ‘कथासरित्सागर’ या नावाने पुन्हा सांगितल्या. त्यात मयासुराची मुलगी सोमप्रभा मैत्रिणीला करमणूक म्हणून करंडीभर लाकडी बाहुल्या दाखवते. खुंटी दाबली की एक उडत जाऊन फुलांची माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते, एक बोलते.

त्याच ग्रंथातली राज्यधर सुताराची कथा मला याहून मोठी वाटते. राजपुत्र नरवाहनदत्त समुद्राकाठच्या एका नगरात शिरतो. बाजार भरलेला आहे, व्यापारी आहेत, बायका आहेत, नागरिक ये-जा करताहेत, आणि सगळे लाकडाचे आहेत. ते जिवंत माणसांसारखे वावरतात. त्यांना वाचा नाही, यावरूनच ते निर्जीव असल्याचं ओळखू येतं. राजवाड्यात एकच जिवंत माणूस सापडतो, राज्यधर. साऱ्या नगराची हालचाल त्याच्या एकट्याच्या हातात आहे. ज्याने ही कथा रचली त्याने यंत्रमानवाच्या रंगभूमीचं मर्म ओळखलं होतं. चालणं, वळणं, हात हलवणं यंत्राला साधेल. समोरच्याने काही म्हटल्यावर त्याला उत्तर देणं साधेलच असं नाही.

ही कथा आहे, पुरावा नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. ‘आपल्याकडे तेव्हाच रोबो होते’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र त्याच अकराव्या शतकात धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात यंत्रांवर एक पूर्ण अध्याय आहे. सांध्यांत खुंट्या बसवून दोऱ्यांनी चालवायच्या लाकडी स्त्री-पुरुषांचं वर्णन त्यात येतं. घडवण्याची तपशीलवार रीत मात्र ग्रंथकाराने मुद्दाम दिलेली नाही. अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी ती दिली नाही, असं तोच सांगतो. याउलट जपानमध्ये १७९६ मध्ये होसोकावा हान्झो याने यांत्रिक बाहुल्यांचं पुस्तक आकृत्यांसह छापलं. चहाचा पेला घेऊन चालत येणारी, पेला उचलला की थांबणारी, परत ठेवला की वळून माघारी जाणारी बाहुली त्या पुस्तकाच्या आधाराने विसाव्या शतकात पुन्हा घडवता आली. जपानी रोबोंचं नाटक आज जिथे उभं आहे, त्यामागे या उघडेपणाचा वाटा आहे असं मला वाटतं. आपल्या कारागिरांचं किती ज्ञान असंच मनात राहून गेलं असेल, याची हळहळ वाटते.

विसाव्या शतकाची सुरुवात उलट्या बाजूने झाली. कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने जगाला रोबो हा शब्द दिला. १९२१ मध्ये ते प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झालं, तेव्हा रोबोंची कामं माणसं करत होती. माणसाचं काम खरोखरचा रोबो करू लागायला जवळपास ९० वर्षं जावी लागली.

ते घडलं ओसाका विद्यापीठात. नाटककार ओरिझा हिराता आणि रोबोशास्त्रज्ञ हिरोशी इशिगुरो यांनी २००८ मध्ये एक छोटं नाटक केलं. त्यात दोन माणसं होती आणि मित्सुबिशीचे ‘वाकामारू’ नावाचे दोन पिवळे रोबो होते, सुमारे मीटरभर उंचीचे. घरकामाला ठेवलेल्या एका रोबोला आता काम करावंसं वाटत नाही, एवढीच कथा. हिराता नटांना ‘दुःख आतून आण’ असं सांगत नाहीत. ‘हे वाक्य ०.३ सेकंद उशिरा म्हण’ असं सांगतात. त्यामुळे रोबोला दिग्दर्शन करताना त्यांना आपली पद्धत बदलावी लागली नाही. माणूस पेला उचलायला हात पुढे करतो तेव्हा हात सरळ पेल्याकडे जात नाही. आधी किंचित थबकतो, जरा चुकतो, मग पोचतो. ही निरुपयोगी वाटणारी हालचाल रोबोला दिली की प्रेक्षकाला त्याच्यात मन दिसू लागतं.

२०१० मध्ये त्यांनी ‘सायोनारा’ केलं. मरणाच्या वाटेवर असलेल्या एका तरुणीला कविता म्हणून दाखवणारी यंत्रस्त्री त्यात आहे. ही भूमिका ‘जेमिनॉइड एफ’ या यंत्राने केली. सिलिकॉनची त्वचा, हवेच्या दाबावर चालणारे १२ सांधे. तिला चालता येत नाही, म्हणून ती खुर्चीवर बसून असते. तिचा आवाज आणि चेहऱ्याच्या हालचाली पडद्याआडची अभिनेत्री पुरवते, म्हणजे दोरीची जागा तारांनी घेतली, पण दुसऱ्या टोकाला माणूस आहेच. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर हिरातांनी शेवटी एक प्रवेश जोडला. बिघडलेल्या त्या यंत्राला किरणोत्सर्गामुळे माणूस जाऊ शकत नाही अशा भागात पाठवलं जातं, तिथल्या मृतांसाठी कविता म्हणायला. यंत्रालाच नट करण्याचं इतकं सबळ कारण मला दुसऱ्या कुठल्या नाटकात दिसलेलं नाही. हे काम नटीने केलं असतं तर त्या प्रवेशाचा अर्थच उरला नसता.

बर्लिनच्या ‘रिमिनी प्रोटोकोल’ या नाट्यसमूहाने २०१८ मध्ये म्युनिकमध्ये असंच कारण शोधलं. थॉमस मेले हा लेखक आपल्या बायपोलर आजाराबद्दल लिहितो. मंचावर तो येतच नाही. त्याच्या चेहऱ्याचा यांत्रिक पुतळा खुर्चीत बसून व्याख्यान देतो. डोक्याची मागची बाजू उघडी, आतल्या तारा दिसताहेत. उद्या आपण कसे असू याची खात्री नसलेल्या माणसाला दर प्रयोगाला तोच राहणारा पुतळा हवासा का वाटला असेल, हे कोणी वेगळं सांगायला लागत नाही.

असा पुतळा बघताना अंगावर काटा का येतो, याचं विवेचन जपानच्या मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच केलं होतं. यंत्र माणसासारखं होत जाईल तसं ते आपल्याला आवडत जातं, पण अगदी हुबेहूब होण्याच्या जरा अलीकडे एक दरी येते आणि तिथे ते भयाण वाटू लागतं. मोरींनी बुन्राकू या जपानी बाहुलीनाट्यातल्या बाहुल्या मात्र दरीच्या पलीकडे, माणसाच्या जवळ ठेवल्या. त्या चेहऱ्याने हुबेहूब नाहीत, एकेका बाहुलीला तीन तीन माणसं चालवतात आणि ती उघड्यावर दिसतात. तरी प्रेक्षक गुंगून जातो.

नृत्यात प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे तोल सांभाळावा लागतो. रोबोच्या प्रत्येक सांध्यात मोटर, वेग कमी करणारे गिअर आणि सांधा नेमका किती वळला हे मोजणारा एन्कोडर असतो. सांगितलेला कोन आणि प्रत्यक्षातला कोन यांतला फरक सेकंदाला शेकडो वेळा मोजून तो भरून काढला जातो. शरीराचा तोल पावलांच्या आधाराबाहेर जाऊ नये यासाठीचं गणित सर्बियाच्या मिओमिर वुकोब्रातोविच यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मांडलं. आता त्याच्या जोडीला संगणकातल्या आभासी जगात यंत्राला असंख्य वेळा पडू देऊन शिकवण्याची रीत आली आहे. माणूस नाचतो, त्याच्या सांध्यांची नोंद होते, ती रोबोच्या शरीराला बेतून घेतली जाते आणि मग तो तोल न जाता तेच करायला शिकतो. चीनच्या नववर्षाच्या कार्यक्रमात २८ जानेवारी २०२५ ला ‘युनिट्री’ कंपनीचे १६ ‘एच-१’ रोबो, प्रत्येकी सुमारे १८० सेंटिमीटर उंचीचे आणि ४७ किलो वजनाचे, रुमाल फिरवत ‘यांगको’ हे लोकनृत्य नाचले. तयारी थक्क करणारी होती. मला मात्र त्यात कवायत जास्त आणि नाच कमी दिसला.

त्यापेक्षा तैवानचा नर्तक हुआंग यी मनात राहतो. त्याने ‘कुका’ कंपनीची कारखान्यातली यांत्रिक भुजाच जोडीदार म्हणून घेतली. जालन्याशेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाहन उद्योगात वेल्डिंगसाठी असतात, तसलीच. तिला डोकं नाही, चेहरा नाही. एका मिनिटाच्या नृत्यासाठी तिला साधारण १० तास सूचना भराव्या लागतात. तरी ती त्याच्याकडे वळते तेव्हा ती बघते आहे असंच वाटतं. माणसासारखं दिसण्यापेक्षा माणसाच्या हालचालीला दाद देणं मोठं, हे तिच्यामुळे पटतं.

आपल्याकडे ३० डिसेंबर २०१७ ला आयआयटी मुंबईच्या ‘टेकफेस्ट’मध्ये सोफिया ही रोबो साडी नेसून मंचावर आली आणि हजारोंनी तिला ऐकलं. पुढे मुंबईच्याच एका केंद्रीय विद्यालयातल्या शिक्षकाने पुठ्ठा, लाकूड, प्लास्टिक, ॲल्युमिनियम अशा टाकाऊ वस्तूंतून ‘शालू’ घडवली. ती मराठीही बोलते. मला दुसरीचं कौतुक अधिक आहे.

पण बोलणं आणि संवाद यांत अंतर आहे. वेगवेगळ्या भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास सांगतो, की एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी ०.२ सेकंदच जातात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं उत्तर तयार होत असतं. यंत्र मात्र आधी तो थांबला याची खात्री करतं, मग आवाजाचे शब्द करतं, शब्दांवरून उत्तर शोधतं, उत्तराचा पुन्हा आवाज करतं. मोठ्या भाषा-प्रारूपांमुळे उत्तरं शहाणी झाली, तरी ही फट पुरती बुजलेली नाही, आणि रंगमंचावर एवढ्याशा फटीतून सगळा रंग गळून जातो.

मराठवाड्याच्या लोककलांसमोर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. पैठणच्या एकनाथांनी दिलेलं सोंगी भारूड घ्या. सोंग घेऊन आलेला भारुडकार गर्दीतल्याच कोणाला तरी हटकतो, तो काही उलट बोलतो, त्याच्या बोलण्याला धरून पुढचं भारूड वळण घेतं. समोर म्हाताऱ्या माणसांचा घोळका असेल तर थट्टा एक, पोरं असतील तर दुसरी. कीर्तनकाराचंही तसंच. कुठल्या दृष्टान्तावर मंडप गप्प झाला, ते तो कानाने टिपतो आणि तिथेच आणखी खोल उतरतो. ठरलेल्या संहितेचं, अंधाऱ्या नाट्यगृहातलं, शांत प्रेक्षकांसमोरचं नाटक रोबोला तुलनेने सोपं आहे. जालन्याच्या एखाद्या गावात पारावर भारूड करणं त्याला फार अवघड जाईल. यंत्राच्या पायांवर आजवर जेवढे कष्ट झाले, तेवढे त्याच्या कानांवर व्हायला हवेत.

तोवर दोरीच्या टोकाला माणूस ठेवणं हाच सरळ मार्ग आहे, आणि त्या माणसाला लपवू नये असं माझं ठाम मत आहे. रोबोच्या बातमीत यंत्राचं नाव येतं, कंपनीचं येतं. पडद्याआड बसून आवाज देणारी, मध्यरात्रीपर्यंत सूचना भरणारी माणसं बाहेर राहतात. बुन्राकूत बाहुलीचे पाय चालवायला शिकण्यातच अनेक वर्षं जातात, मग डावा हात आणि सर्वांत शेवटी डोकं. त्या क्रमाने वर चढलेल्या कलावंताचं नाव प्रेक्षक ओळखतात.

आपल्याकडे याची सुरुवात करायला मोठा पैसा लागत नाही. कित्येक शाळांत आता अटल टिंकरिंग लॅब आहेत. ९ ग्रॅम वजनाची छोटी सर्व्हो मोटर आणि तिला सूचना देणारा आर्डुइनोचा बोर्ड मुलं तिथे सहज हाताळतात. वीतभर लाकडी बाहुलीच्या मानेला, खांद्यांना आणि कोपरांना अशा पाच मोटरी बसवता येतात. तशाच सांध्यांची दुसरी एक बाहुली करायची, पण तिच्या सांध्यांत मोटरीऐवजी रेडिओचा आवाज कमी-जास्त करतात तसलं फिरतं बटण, पोटेन्शिओमीटर, बसवायचं. ही दुसरी बाहुली हाताने हलवली की तारांतून पहिली तिचं अनुकरण करते. ‘जेमिनॉइड’ पडद्याआडून चालवतात त्यामागचं तत्त्व हेच आहे. बोर्ड या हालचाली साठवूनही ठेवू शकतो. म्हणजे एकच प्रवेश एकदा साठवलेल्या हालचालींवर आणि एकदा जिवंत हातावर करून, कुठे प्रेक्षक जास्त रमतो हे मुलांना स्वतःच ताडून बघता येईल. ती हातातली बाहुली चालवायला मात्र विज्ञानाच्या शिक्षकांऐवजी गावातल्या भारुडकाराला बोलवावं. पोरांनी तारा जोडाव्यात, त्याने सोंग आणावं, आणि प्रयोगाच्या फलकावर त्याचं आणि पोरांचं नाव सारख्याच अक्षरांत लिहावं.